घरामागं कोंबड्या पाळायच्यात, पहिल्यांदाच. कुठली जात घेऊ? (जुळे सोलापूर)

नवखा_जुळे | १७ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचतोय इथं, लिहायची पहिलीच वेळ. दिवाळीत जुळे सोलापूरला रो-हाऊसमध्ये राहायला आलो. मागं १२ बाय २० फुटांची मोकळी जागा आहे, मधोमध एक कडुनिंब, बाकी बिल्डरनं टाकलेला मुरूम. लेक तिसरीत आहे, गड्ड्याच्या जत्रेवरून येताना रस्त्यात टोपलीत रंगीत पिल्लं बघितली आणि तेव्हापासून डोकं खाल्लंय तिनं. खरं सांगायचं तर मलापण हौस आहे. आजोळी मोहोळकडं कोंबड्या होत्या, पण "पाळल्यात" असं कुणी म्हणायचंच नाही, त्या आपल्या असायच्या, संध्याकाळी डालग्याखाली झाकल्या की झालं.

आता प्रश्न. पाच-सहा कोंबड्या, फक्त घरच्या अंड्यांपुरत्या. कुठली जात घेऊ? यूट्यूबवर एकजण कडकनाथ म्हणतो, एकजण गिरीराज म्हणतो, तिसरा दोघांना शिव्या देऊन स्वतःची पिल्लं विकतो.

दुसरं म्हणजे आई माळकरी आहे. घरात अंडं शिजणार नाही हे ठरलंय, मागच्या कट्ट्यावर वेगळी शेगडी ठेवलीय. पण तिची अट अशी की तुळशीच्या बाजूला खुराडं नको. तुळस पूर्वेला, मग उरली पश्चिमेची कंपाऊंड भिंत. वेल्डिंगवाल्याला ६ बाय ४ चा पिंजरा सांगितलाय, वर पत्रा, ९ हजार म्हणाला. ठीक आहे का? मार्चच्या पहिल्या आठवड्यात पिल्लं आणायचा विचार आहे.

टवाळ_सातरस्ता | १७ फेब्रुवारी, रात्री १०:५२

कडकनाथ घे बे. काळीकुट्ट असते, रात्री लाईट गेली की दिसतच नाही, चोरीचा प्रश्न मिटला.

भीमाकाठ | १८ फेब्रुवारी, पहाटे ५:३१

मार्चमध्ये पिल्लं? नका आणू. आमच्या मंगळवेढ्याकडं म्हातारी माणसं म्हणायची, शिमग्यानंतर आणलेलं पिल्लू ऊन खाऊन टाकतं. पाऊस पडू द्या, जूनच्या शेवटाला आणा, दिवाळीपर्यंत तलंगा (तरुण कोंबड्या) होतील, नव्या वर्षाला अंडी. घाई कशाला.

जातीचं म्हणाल तर गावरान. बाकी सगळं कंपनीचं.

आक्का_बाळे | १८ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

भाऊ, जातीचं राहू दे बाजूला. मी चौदा कोंबड्या ठेवते, सात वर्षं झाली, गिरीराज ठेवली, कावेरी ठेवली, गावरान तर कायम आहेच. माझ्या जेवढ्या मेल्या त्यातली एकपण जातीमुळं मेली नाही. पश्चिमेची भिंत वाचली आणि पोटात गोळा आला बघ. सोलापूरची पश्चिम भिंत म्हणजे तवा! एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनपासून सूर्य सरळ त्या भिंतीवर येतो, ती तापते ती रात्री दहापर्यंत गार होत नाही. त्याला टेकून पत्र्याचा पिंजरा म्हणजे वरून पत्रा भाजणार, मागून भिंत भाजणार. कोंबडीला घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकते तेवढाच तिचा उपाय. आपण फॅनखाली बसून हुश्श करतो, तिनं कुठं जायचं?

कडुनिंब आहे म्हणालास ना? मग त्याच्याखाली ठेव की.

नवखा_जुळे | १८ फेब्रुवारी, दुपारी १:२०

@आक्का_बाळे कडुनिंब बरोबर मधोमध आहे ओ, तिथं पिंजरा आला की पोरांना खेळायला जागाच उरत नाही, गाडी पण तिथंच लावतो. भिंतीवर हिरवी जाळी मारली तर?

@भीमाकाठ काका जून म्हणजे लेक मला जिवंत ठेवायची नाही.

निवृत्त_पर्यवेक्षक | १८ फेब्रुवारी, सायंकाळी ६:०५

पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून ३१ वर्षं काढली, त्यामुळं दोन शब्द लांब होतील, सांभाळून घ्या.

भीमाकाठ यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. उन्हाचा त्रास मोठ्या, जड कोंबडीला जास्त होतो. एक दिवसाच्या पिल्लाला तर पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागतेच, नंतर दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. डिसेंबरमध्ये तुम्ही रात्रभर बल्ब जाळता ते त्याच्यासाठीच. मार्चमध्ये आपल्याकडं दुपारी फुकट मिळते ती ऊब, फक्त रात्री बघावं लागतं. थर्मामीटर नसला तरी चालतो, पिल्लं बघा. बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढून गोळा झाली तर थंडी वाजतेय, बल्बपासून लांब कडेला जाऊन पंख पसरून पडली तर गरम होतंय, सगळीकडं विखरून खातायत-पितायत तर तुम्ही जाऊन झोपा.

पण नवख्या माणसानं एक दिवसाची पिल्लं घेऊच नयेत या मताचा मी आहे. महिन्याची घ्या. मदर युनिटवाले महिनाभर सांभाळून, पहिल्या लसी करून विकतात. महाग पडतात, पण मरायची ती तिकडंच मरून झालेली असतात, कटू आहे पण खरं आहे. घेताना कुठल्या लसी कुठल्या तारखेला झाल्या ते कागदावर लिहून मागा. तोंडी "सगळं केलंय साहेब" याला अर्थ नाही.

आणि रस्त्यावरची रंगीत पिल्लं चुकूनही नको. ती बहुतेक अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं असतात, हॅचरीला नको असलेली, रंगात बुडवून विकतात. अंडं तर देणारच नाहीत, आठवड्यात पोरीला रडवतील.

पूर्वभाग_पद्मा | १८ फेब्रुवारी, रात्री ८:४४

रंगीत पिल्लांचं अगदी अगदी! आम्ही लहानपणी एक गुलाबी आणि एक हिरवं आणलेलं. गुलाबी तिसऱ्या दिवशी गेलं. हिरवं जगलं, मोठं होऊन पांढराशुभ्र कोंबडा झालं आणि कारखान्यातल्या प्रत्येक विणकराच्या पायाला चोच मारायचं. आजी म्हणायची हा मागच्या जन्मी मुकादम होता.

टवाळ_सातरस्ता | १८ फेब्रुवारी, रात्री ८:५०

@पूर्वभाग_पद्मा मग त्या मुकादमाचं शेवटी काय झालं?

पूर्वभाग_पद्मा | १८ फेब्रुवारी, रात्री ८:५३

आखाड आला.

पुणेकर_मूळचा_बार्शी | १९ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

हिशेब केलाय का? एक मोठी कोंबडी दिवसाला १००-१२० ग्रॅम खाद्य खाते. सहा कोंबड्या म्हणजे महिन्याला वीस किलो धरा. मी ३५ रुपये किलोनं आणतो, म्हणजे सातशे झाले. गिरीराज वगैरे वर्षाला दीडशेच्या आत अंडी देतात, सहाजणींची महिन्याला सत्तर धरू. म्हणजे अंडं दहा रुपयाला पडलं, त्यात पिंजऱ्याचे ९ हजार, लस, औषध आणि तुमची मेहनत धरलेलीच नाही. दुकानात सात रुपयाला मिळतं.

आक्का_बाळे | १९ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

@पुणेकर पुण्याला गेलं की माणूस असा होतो. 😄 अरे माझ्या कोंबड्या निम्मं तर घरातलंच खातात. भाजीची देठं, निवडलेली ज्वारी, गव्हातला चाळ, कडक भाकरीचा चुरा पाण्यात भिजवून. चौदाजणींना महिन्याला एक पोतं पण लागत नाही.

निवृत्त_पर्यवेक्षक | १९ फेब्रुवारी, दुपारी ३:२५

आक्का, तुमच्या कोंबड्या दिवसभर रानात फिरतात, किडे-मुंग्या-वाळवी टिपतात, म्हणून चालतं. यांच्या मुरमाच्या अंगणात काय टिपणार? नुसत्या ज्वारीवर ठेवली तर कोंबडी जगेल, गुबगुबीत पण दिसेल, पण अंड्याला लागणारं प्रथिन आणि कॅल्शियम ज्वारीत पुरेसं नाही. अंडी कमी येतील, कवच पातळ होईल, मग कोंबड्या स्वतःचीच अंडी फोडून खायला लागतील, आणि ती सवय लागली की सुटत नाही. वाढीच्या काळात ग्रोअर नावाचं खाद्य, अंड्यावर आल्या की लेयर मॅश, ज्वारी आणि घरचं उरलेलं वरखर्चाला. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवायचा, जिला पाहिजे ती खाते. लेयरचं खाद्य लहान पिल्लाला घालू नका, त्यातलं कॅल्शियम त्यांच्या किडनीला झेपत नाही.

बुरशी आलेली भाकरी, बुरशी आलेल्या शेंगा अजिबात नकोत. आपल्याकडं शेंगाची टरफलं स्वस्त म्हणून लोक खाली अंथरतात, कोरडी असली तर हरकत नाही, पाणी सांडून ओली झाली की काढा. नाहीतर लाकडाचा भुसा बरा.

सात्विक_विचार | १९ फेब्रुवारी, दुपारी ४:००

एवढ्याशा जागेत मुके जीव कोंडायचे आणि वर त्याला हौस म्हणायचं. आई माळकरी आहे म्हणता, तिचा तरी विचार करा.

टवाळ_सातरस्ता | १९ फेब्रुवारी, दुपारी ४:०३

सहा बाय चारमध्ये सहाजण? माझ्या हॉस्टेलच्या खोलीपेक्षा बरं आहे.

धागा_संचालक | १९ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

शाकाहार-मांसाहार वाद इथं नको, त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तो ४१२ प्रतिसादांवर बंद केलेला आहे. विषयावर या.

भीमाकाठ | २० फेब्रुवारी, पहाटे ५:४०

जागेचा मुद्दा आलाच आहे तर, खुराड्यात एका कोंबडीला दोन चौरस फूट जागा झोपायला पुरते, पण दिवसभर तेवढ्यात ठेवायची नाही, बाहेर सोडायला आठ-दहा चौरस फूट तरी पाहिजेत. बसायला आडवी काठी द्या, गोल, मनगटाएवढी जाड, खाली बसलेली कोंबडी समाधानी नसते. आणि राख. एका घमेल्यात चुलीची राख आणि माती मिसळून ठेवा, त्यात लोळतात, उवा-पिसवा जातात. जूनचं माझं म्हणणं कायम आहे.

रात्रपाळी_होटगीरोड | २० फेब्रुवारी, रात्री २:१५

जाळी कुठली लावणार? ती षटकोनी स्वस्तातली लावणार असाल तर माझी गोष्ट ऐका. अकरा होत्या. रात्रपाळीवरून सकाळी आलो तर सात खाली पडलेल्या, एकपण खाल्लेली नाही, फक्त माना. बायको म्हणाली मांजर. मांजर एक नेतं आणि जातं हो, हे मुंगूस होतं. जाळीच्या खालच्या कडेला माती उकरून आत आलं. कुत्रं तर ती पातळ जाळी दातानं फाडतं. वेल्डमेश (वेल्डिंग केलेली तारेची जाळी) घ्या, अर्धा इंच, आणि जमिनीत फूटभर खाली गाडा नाहीतर बुडाला फरशी घाला. कडी पण साधी नको. मी आता दोन कड्या लावतो आणि तरी रात्री उठून बघतो.

नवखा_जुळे | २० फेब्रुवारी, सकाळी १०:०५

बापरे. वेल्डिंगवाल्याला फोन करून वेल्डमेश सांगितली, हजार वाढले. म्हणजे पहिलं अंडं दहा हजाराला.

लसीचं कुणीतरी नीट सांगा ना, महिन्याची पिल्लं आणल्यावर पुढं काय राहतं?

निवृत्त_पर्यवेक्षक | २० फेब्रुवारी, सायंकाळी ७:३०

सांगतो. आपल्याकडची कोंबडीची सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे मानमोडी. राणीखेत म्हणतात ती हीच, उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून नाव पडलं. हिरवी-पांढरी हगवण, श्वासाला घरघर, पंख लोंबतात, मान वाकडी होते, आणि आळीत एकाकडं आली की सगळ्यांची खुराडी रिकामी. उपचार नाही. लसच.

पहिल्या आठवड्यात लासोटाचा (मानमोडीचीच लस) एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, चौथ्याच्या आसपास लासोटाचा बूस्टर. एवढं महिन्याच्या पिल्लाला झालेलं असायला पाहिजे. मग तुमच्याकडं राहिली देवीची लस, ती पंखाच्या पातळ कातडीत टोचतात, सहा ते आठ आठवड्यांत, आणि आठ ते दहा आठवड्यांत मानमोडीची मोठी लस, तिला आर-टू-बी म्हणतात, ती इंजेक्शननं. जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात आधी फोन करून जा.

अडचण दुसरीच आहे. लसीची छोट्यात छोटी बाटलीसुद्धा शंभर-दोनशे डोसची. एकदा उघडून द्रावण केलं की दोनेक तासांत संपवायची, उरलेली फ्रिजमध्ये ठेवून उद्या चालत नाही. सहा कोंबड्यांसाठी बाटली फोडायला कुणालाही जिवावर येतं. म्हणून आजूबाजूला कोण कोण पाळतं ते शोधा आणि एकाच दिवशी सगळ्यांनी करा. आणताना थर्मासमध्ये बर्फ घालून, खिशात नाही. मी खिशातून आणलेली लस बघितलीय, तीही मे महिन्यात. ते टोचणं आणि पाणी टोचणं सारखंच. आणि आजारी कोंबडीला टोचायची नाही, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करायची.

आक्का_बाळे | २० फेब्रुवारी, रात्री ९:००

आमच्या गल्लीत आम्ही असंच करतो. पाच घरं, साठ-सत्तर पक्षी. थर्मास माझा, सुई त्यांची, आणि चहा ज्याच्या दारात टोचणी त्याचा.

पूर्वभाग_पद्मा | २१ फेब्रुवारी, दुपारी १२:३३

थोडं अवांतर, पण गावरान अंड्याचा बलक जास्त पिवळा म्हणजे जास्त पौष्टिक का? आणि तपकिरी अंडं गावरान, पांढरं कंपनीचं असं दुकानदार म्हणतो.

निवृत्त_पर्यवेक्षक | २१ फेब्रुवारी, दुपारी २:१०

दोन्ही नाही. कवचाचा रंग जातीवर असतो, बलकाचा रंग खाण्यावर. हिरवा पाला, लसूणघास, पिवळा मका घातला की बलक केशरी होतो. त्यामुळं काही विकणारे तपकिरी कवच दाखवून गावरानचा भाव लावतात, ते ओळखायला सोपं नाही. ताजं आहे का ते मात्र कळतं, ग्लासात पाणी घ्या, ताजं अंडं तळाला आडवं बसतं, जुनं उभं राहतं, फारच जुनं तरंगतं.

टवाळ_सातरस्ता | २१ फेब्रुवारी, दुपारी २:१५

आमच्या बॉसला पण हीच टेस्ट लागू.

पुणेकर_मूळचा_बार्शी | २१ फेब्रुवारी, सायंकाळी ५:४५

मूळ प्रश्न जातीचा होता, त्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही हे फक्त नोंदवतो. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआची, २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हापासून भाव चढले, पण ती मांसासाठी, अंडी कमी. गिरीराज बंगळुरूची, वनराज हैदराबादची, दोन्ही जड. ग्रामप्रिया हलकी आणि अंड्याला त्यापेक्षा चांगली. फक्त अंडी पाहिजेत तर ग्रामप्रिया किंवा कावेरी. कोंबडा लागत नाही, कोंबडी कोंबड्याशिवाय पण अंडी देते, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत.

भीमाकाठ | २२ फेब्रुवारी, पहाटे ५:२०

जड कोंबडीला ऊन जास्त लागतं हे मी आधीच सांगितलं होतं, तेवढं नोंदवा.

नवखा_जुळे | ८ मार्च, रात्री ९:३०

आणली! महिन्याची आठ. ग्रामप्रिया मिळालीच नाही, गिरीराजच होती. नर-मादी आत्ता सांगता येत नाही म्हणाला. लसीचा कागद घेतला, पर्यवेक्षक काका. लेकीनं नावं ठेवलीत: जिलेबी, बर्फी, बुंदी, शेव, पापडी, चकली, करंजी आणि एकीचं नाव सर्फराज, का ते माहीत नाही.

पिंजरा पश्चिम भिंतीलाच लावलाय. आक्का रागावू नका, वेल्डिंगवाल्यानं माझ्या पाठीमागं येऊन चारी पाय काँक्रीटमध्ये रोवून टाकले. हिरवी जाळी मारलीय वर.

आक्का_बाळे | ८ मार्च, रात्री ९:४१

रागावत नाही रे. पत्र्यावर कडबा तरी टाक, चांगला वीतभर जाड. दोन पेंढ्या कुठंपण मिळतील. आणि पश्चिमेच्या अंगाला गोणपाट बांध, दुपारी दोनदा ओलं कर. आपली हवा कोरडी आहे, ओलं पोतं बरंच गार करतं.

नवखा_जुळे | ८ मार्च, रात्री ९:४५

पाणी चार दिवसाआड येतंय आक्का, पण बघतो.

टवाळ_सातरस्ता | ८ मार्च, रात्री ९:५०

फराळाच्या ताटाला नावं दिलीत, आता खाणार कसं बे?

नवखा_जुळे | १२ मे, रात्री ११:१५

दोन गेल्या. काल.

अक्कलकोटला लग्न होतं, सगळे गेलो होतो, सकाळी नऊला निघालो ते पाचला आलो. निघताना खाद्याचं भांडं काठोकाठ भरलं, पाण्याचा प्लॅस्टिकचा ड्रिंकर भरला, गोणपाट ओलं केलं. वाटलं झालं की. आलो तर सहाजणी समोरच्या जाळीला चिकटून तोंड उघडं टाकून उभ्या, पंख अंगापासून लांब धरलेले, आणि करंजी आणि पापडी मागं भिंतीच्या बुडाला. ड्रिंकर निम्मा भरलेलाच होता. मी पाण्यात बोट घातलं तर चटका बसला. ऊन सरकत सरकत त्याच्यावर आलेलं, मी सकाळी सावलीत ठेवलेला तो. म्हणजे पाणी होतं आणि पिता येत नव्हतं. गोणपाट पार कडक झालेलं, कडबा मी टाकलाच नव्हता, आज टाकू उद्या टाकू.

बाकीच्यांना बादलीत मानेपर्यंत बुडवून काढलं, साधं पाणी, गार नाही, इथंच कुठल्या तरी धाग्यात वाचलेलं. त्या वाचल्या. रात्री आठला भिंतीला हात लावून बघितला, आक्का, अजून गरम होती.

आई काही बोलली नाही बराच वेळ. मग म्हणाली, "मी तुळशीपाशी नको म्हणाले होते, कडुनिंबाखाली नको असं कुठं म्हणाले?" गाडीसाठी ती जागा अडवली होती मी.

आक्का_बाळे | १२ मे, रात्री ११:३०

असू दे. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात पाच गेल्या होत्या, मी कुणाला सांगितलंपण नव्हतं.

निवृत्त_पर्यवेक्षक | १३ मे, सकाळी ७:००

वाईट वाटलं. आता पुढचं. खाद्य दिवसभर भरून ठेवू नका, पचवताना अंगात उष्णता तयार होते. सकाळी उजाडता उजाडता आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर, मधे अकरा ते चार उचलून ठेवा. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, दोन-तीन ठिकाणी, सावलीत, दुपारी एकदा बदला. दुपारच्या पाण्यात इलेक्ट्रोलाइट पावडर घाला. आणि पिंजरा हलवा, काँक्रीट असो की काही असो.

मेलेल्यांचं काय केलंत? खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. ऊनच असणार, पण पुढं कधी उन्हाशिवाय दोन-चार एकदम गेल्या तर तशाच न पुरता आधी दवाखान्यात कळवा. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नवापूरला, २००६ साली, त्यामुळं आपल्याकडं याबाबत हलगर्जी नको.

भीमाकाठ | १३ मे, सकाळी ७:१०

मी जूनचं काही बोलत नाही. माझ्याकडं कडबा आहे, सोलापूरला येणार आहे गुरुवारी, चार पेंढ्या आणतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नवखा_जुळे | १६ मे, रात्री ८:२०

ग्राइंडरनं चारी पाय कापले आणि पिंजरा कडुनिंबाखाली नेला. पत्र्यावर काकांचा कडबा. काका घरी आले, आईनं शेंगाची चटणी-भाकरी वाढली, दोघांनी मिळून मला तासभर ऐकवलं. गाडी आता रस्त्यावर.

दुपारी पिंजऱ्यात थर्मामीटर ठेवला, बाहेर ४३, आत ३८. सगळ्या मातीत खड्डे करून पोट टेकून पडलेल्या असतात.

टवाळ_सातरस्ता | १६ मे, रात्री ८:३२

३८? मला एक फ्लॅट दे त्या झाडाखाली.

नवखा_जुळे | ९ ऑगस्ट, सकाळी ६:५५

अंडं!!! पहिलं!! बर्फीचं. किचनच्या काट्यावर ३९ ग्रॅम, लहान आहे पण आहे.

पण दोन गोष्टी. एक, सहापैकी दोन कोंबडे निघाले. एक मित्राच्या शेतावर दिला, सर्फराज ठेवलाय, कारण लेक. तो पहाटे चारला सुरू होतो आणि शेजारचे काका बघून हसत नाहीत आता.

दुसरी, अंडं तिनं कुठं दिलं? तुळशीच्या कट्ट्यावर. संध्याकाळी सोडतो मोकळं, तेव्हा उडी मारून वर गेली आणि तुळशीच्या बुडात ओल्या मातीत उकरून बसली. एवढं फळ्यांचं खोकं करून, आत भुसा घालून ठेवलंय, त्यात कुणी जात नाही. आई आंघोळ करून पाणी घालायला गेली तर समोर अंडं. तिथून हाक मारली, "आधी हे उचल, मग मी पाणी घालते." आज परत सकाळपासून बर्फी जाळीपाशी उभी राहून तिकडंच बघतेय.

आक्का_बाळे | ९ ऑगस्ट, सकाळी ७:२०

अभिनंदन रे!! खोक्यात खोटं अंडं ठेव. पिंगपाँगचा चेंडू नको, हलका असतो, लोळतो. लाकडाचं किंवा खडूचं, नाहीतर गुळगुळीत पांढरा दगड अंड्याएवढा. तिला वाटतं इथं कुणीतरी घातलंय म्हणजे जागा बरी आहे. खोकं उघड्यावर आहे का? तोंडाला गोणपाटाचा तुकडा सोड, त्यांना अंधार लागतो. आणि दुपारपर्यंत बाहेर सोडू नकोस आठवडाभर, बहुतेक अंडी दुपारच्या आतच देतात. कट्ट्याला तोपर्यंत जाळी लाव.

भीमाकाठ | ९ ऑगस्ट, सकाळी ७:३०

जूनमध्ये आणली असती तर... असो. अंडं दिसलं, आनंद झाला.

पुणेकर_मूळचा_बार्शी | ९ ऑगस्ट, सकाळी ९:१०

आतापर्यंतचा खर्च किती झाला? सहज विचारतोय.

नवखा_जुळे | ९ ऑगस्ट, सकाळी ९:१२

नाही सांगणार.

टवाळ_सातरस्ता | ९ ऑगस्ट, सकाळी ९:२०

शेजारच्या काकांना सांग, श्रावण संपेपर्यंत कळ काढा.

नवखा_जुळे | ९ ऑगस्ट, सकाळी ९:२५

लेक वाचतेय बे शेजारी बसून!!

आक्का, पांढरा दगड मिळाला, ठेवलाय. आता सर्फराज जाऊन त्याच्यावर बसलाय.